दुसऱ्यांचं अडलेलं काम सोडवणारा अध्यक्ष : सातोरू इवाता

निरगुडी :

इचलकरंजीला आमच्या गल्लीत १९९५-९६ च्या सुमाराला एकाच घरी व्हिडिओ गेम होता. टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढायची, गेमची पिन खोचायची आणि चॅनेल जुळवत बसायचं. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून फुंकर मारायची. त्या एका कॅसेटवर शेकडो गेम असल्याचं छापलेलं असे, प्रत्यक्षात तेच ते वीसेक गेम फिरून फिरून येत. त्यातला माझा लाडका म्हणजे "फुग्याचा गेम". डोक्यावर दोन फुगे बांधलेला माणूस हात फडफडवत उडतो, दुसऱ्यांचे फुगे फोडतो, आणि पाण्याच्या फार जवळ गेला की खालून मासा येऊन त्याला गिळतो.

खूप वर्षांनी कळलं की त्याचं नाव बलून फाइट, तो जपानच्या निन्टेन्डोचा, आणि आमची कॅसेट ही नक्कल होती. आणखी पुढे कळलं की त्या गेमचा कोड ज्या माणसानं लिहिला तोच नंतर निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला. सातोरू इवाता. मी १४ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड सांभाळण्यात गेली. त्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटतो. बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलो.

इवातांचा जन्म ६ डिसेंबर १९५९ चा, होक्काइदोतल्या साप्पोरोचा. वडील पुढे मुरोरान शहराचे महापौर झाले. शाळेत असताना त्यांच्या हाती एचपी-६५ हा प्रोग्राम करता येणारा कॅल्क्युलेटर आला. त्यावर नुसत्या आकड्यांचे खेळ बनवून ते शेजारच्या बाकावरच्या मित्राला खेळायला देत. मित्राला मजा आली की त्यांना आणखी बनवावंसं वाटे. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकताना त्यांनी कमोडोर पेट हा कम्प्युटर घेतला. इकेबुकुरोच्या सेइबू डिपार्टमेंट स्टोअरच्या कम्प्युटर विभागात जी मंडळी पडीक असायची, त्यांच्यातूनच १९८० मध्ये हाल लॅबोरेटरी ही छोटी कंपनी निघाली. इवाता आधी तिथे पार्ट टाइम होते, १९८२ मध्ये पदवी घेतल्यावर पूर्णवेळ लागले. कोणी नाव न ऐकलेल्या कंपनीत मुलगा चिकटला म्हणून वडील सहा महिने त्यांच्याशी बोलले नाहीत.

१९८३ मध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेम आला. त्याचा प्रोसेसर ६५०२ या चिपच्या घराण्यातला होता, आणि कमोडोर पेटमध्येही ६५०२ च. म्हणजे बाकीचे लोक जे नव्यानं शिकत होते, ते इवातांच्या बोटात आधीच होतं. ते क्योतोला गेले आणि निन्टेन्डोकडे काम मागितलं. तेव्हा मिळालेल्या कामांतलं एक होतं गोल्फ. १८ होल त्या इवल्याशा मेमरीत बसणार नाहीत म्हणून इतरांनी नाकारलेलं काम यांनी घेतलं, डेटा आवळून बसवण्याची स्वतःची पद्धत लिहिली आणि १८ च्या १८ होल बसवले. १९८४ मध्ये तो गेम आला.

आता मुख्य गोष्ट. १९९२ मध्ये हाल लॅबोरेटरी जवळपास बुडाली. कर्ज १५० कोटी येन. निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची मदतीला तयार झाले, पण एका अटीवर, इवातांना अध्यक्ष करा. १९९३ मध्ये, ३३ व्या वर्षी, आयुष्यात कधी धंदा न सांभाळलेला एक प्रोग्रामर कर्जबाजारी कंपनीच्या खुर्चीत बसला. त्यानं पहिलं काम काय करावं? कंपनीतल्या एकेका माणसाला समोर बसवून ऐकून घेतलं. कोणाचं कुठे अडलंय, कोणाला काय येतं, कोण कशानं नाराज आहे. पुढेही ही भेटी घेण्याची सवय त्यांनी मोडली नाही. सगळं कर्ज सुमारे सहा वर्षांत फिटलं.

२००० मध्ये ते निन्टेन्डोत आले, २००२ च्या मे महिन्यात अध्यक्ष झाले. १८८९ मध्ये हानाफुदा पत्ते बनवण्यापासून सुरू झालेल्या या कंपनीचे चौथे अध्यक्ष, आणि यामाउची घराण्याबाहेरचे पहिले. पुढची डीएस आणि वी या त्यांच्या गेम मशीनची कथा बऱ्याच जणांना माहीत असेल, त्यामुळे इथे ताणत नाही. मला बोलायचंय ते या माणसाच्या एका स्वभावाबद्दल. आयुष्यभर यांनी दुसऱ्यांचं अडलेलं काम स्वतःच्या हातांनी सोडवलं, मग ते कोडचं असो, कर्जाचं असो की कंपनीचं. तुम्हाला काय वाटतं, काय माहीत आहे, जरूर लिहा.

—

रानजाई :

अहो तो मासा! आमच्याकडे साताऱ्याला त्या गेमवरून भावंडांत खरी मारामारी झालेली आहे. दोघं मिळून खेळताना एकमेकांचेच फुगे फोडायचे आणि मग आईकडे तक्रार. हे सगळं लिहिणारा माणूस पुढे अध्यक्ष झाला हे वाचून अंगावर काटा आला. खूप छान लिहिलंत.

—

सुतारपक्षी :

निरगुडी, बलून फाइटबद्दल एक भर घालतो, कारण त्यात त्यांची हातोटी नेमकी दिसते.

तो गेम आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरही होता आणि ती आवृत्ती दुसऱ्या टीमनं केली होती. पण फॅमिकॉमवरचा इवातांचा माणूस जास्त सफाईनं तरंगायचा. आर्केडवाल्या टीमचे तोशिहिको नाकागो यांनी त्यांना विचारलं, हे कसं केलंत? उत्तर असं की बाकीचे माणसाची जागा पूर्णांकात मोजत होते, इवाता अपूर्णांकात. पडद्यावर ठिपका हलतो तो पूर्ण घरांतच, पण आतला हिशेब बारीक ठेवला की वेग हळूहळू वाढतो, हळूहळू कमी होतो आणि शरीराला वजन असल्यासारखं वाटतं. हीच युक्ती नंतर सुपर मारिओ ब्रदर्सच्या पाण्यातल्या पोहण्यात कामी आली.

म्हणजे आपण लहानपणी मारिओला पाण्यात हात मारत नेला, त्यातही हा माणूस होता. आणि विचारल्यावर त्यांनी ते लपवून ठेवलं नाही, सरळ सांगून टाकलं. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

—

मेथीदाणा :

मी पुण्यात एका कंपनीत आहे. मागच्या वर्षी आमच्या टीमकडे एक अर्धवट प्रोजेक्ट आला. आधीची टीम सोडून गेलेली, कागदपत्रं नाहीत, प्रत्येक बग दुरुस्त केला की दोन नवे उगवायचे. रोज संध्याकाळी मीटिंग आणि रोज "कधी होणार?" एवढाच प्रश्न. त्या काळात मला मदर २ ची गोष्ट कोणीतरी सांगितली आणि मी ती डेस्कवर लिहून चिकटवली होती.

मदर २ हा शिगेसातो इतोइ यांचा गेम चार वर्षं रखडला होता. बंद पडायच्या बेतात होता तेव्हा इवातांना बोलावलं. त्यांनी सगळं पाहिलं आणि दोन पर्याय ठेवले. आहे तेच दुरुस्त करत गेलो तर दोन वर्षं लागतील, नव्यानं लिहायची परवानगी असेल तर अर्धं वर्ष. निर्णय मात्र त्यांनी टीमवर सोडला. बाहेरून आलेला माणूस "हे सगळं चुकलंय" म्हणून हात झटकू शकला असता. आणि नव्यानं लिहायचं ठरल्यावर त्यांनी आधी काय केलं? गेम नाही, साधनं बनवली. म्हणजे चित्रकार, लेखक, नकाशे करणारे, सगळ्यांना एकाच वेळी काम करता येईल आणि कोणाला प्रोग्रामरची वाट बघत बसावं लागणार नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये गेम बाजारात आला.

आम्हीही शेवटी तसंच केलं. आठ दिवस फक्त तपासणीची साधनं लिहिली. मॅनेजर नाराज होते, पण त्यानंतर काम सुटत गेलं.

—

पिंपळपान_सोलापूर :

पोकेमॉन विसरलात का! गोल्ड-सिल्व्हर या पुढच्या गेममध्ये पहिल्या गेमचा अख्खा कांतो प्रदेश बसला तो इवातांनी सगळा गेम दाबून लहान केला म्हणून. हे तर जगजाहीर आहे.

—

सुतारपक्षी :

पिंपळपान, ही गोष्ट फिरता फिरता मोठी झालीय. पोकेमॉन बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीच्या शिगेकी मोरिमोतो यांच्याशी झालेल्या गप्पांत जे आलंय ते असं : इवातांनी चित्रांचा डेटा आवळण्याचं साधन बनवून दिलं. त्याचा फार उपयोग झाला हे खरं, पण कांतो निव्वळ त्या एका साधनामुळे आला असं तिथे कोणी म्हटलेलं नाही.

त्याच गप्पांतली दुसरी गोष्ट मला याहून थोर वाटते. पोकेमॉनची लढाई निन्टेन्डो ६४ या टीव्हीला जोडायच्या मशीनवर आणायची होती. तिचे नियम सांगणारी कागदपत्रं हाताशी नव्हती. इवातांनी गेम बॉय या हातात धरायच्या मशीनवरचा मूळ कोड नुसता वाचत जाऊन आठवडाभरात ती लढाई नव्या मशीनवर उभी केली. मोरिमोतो थक्क झाले, कारण तो कोड त्यांनी स्वतः लिहिला होता आणि त्याला किती काळ लागला होता हे त्यांना माहीत होतं. शिवाय पहिला पोकेमॉन परदेशी भाषांत कसा न्यायचा याचा अभ्यासही इवातांनीच कोड वाचून केला. आणि लक्षात घ्या, तेव्हा ते दुसऱ्या एका कंपनीचे अध्यक्ष होते, डोक्यावर कर्ज फेडायचं होतं.

—

पिंपळपान_सोलापूर :

धन्यवाद सुतारपक्षी. मी शाळेपासून हेच ऐकत आलो होतो. तो आठवड्याचा किस्सा नवीन कळला.

—

वाटसरू_क :

लेख आवडला, पण दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा धागा आरतीसंग्रह होईल.

इवातांचं कौतुक करताना पगारकपातीची गोष्ट नेहमी सांगितली जाते, म्हणजे माणसं न काढता त्यांनी स्वतःचा पगार कापला ती. २०११ मध्ये डीएसच्या पुढचा थ्रीडीएस आला तो २५,००० येनला. लोकांनी घेतला नाही. सहा महिन्यांच्या आत किंमत १५,००० येन करावी लागली. त्या वर्षाच्या हिशेबात कंपनीला ४,३२० कोटी येनचा तोटा झाला. पुढे वी यू हे नवं मशीन. नाव असं ठेवलं की अनेकांना वाटलं ही जुन्या वीलाच जोडायची एखादी पाटी आहे. विकले गेले १ कोटी ३५ लाख, त्याआधीचा वी १० कोटींच्या पुढे गेला होता. जानेवारी २०१४ मध्ये त्या वर्षीचा वी यूच्या विक्रीचा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणावा लागला. हे निर्णय कोणाचे होते? अध्यक्षांचेच ना? मोबाईल गेमकडेही ते फार उशिरा वळले. डीएनए या मोबाईल गेमच्या जपानी कंपनीसोबतचा करार झाला तो मार्च २०१५ मध्ये.

आणि पगारकपात. जपानात कायमस्वरूपी नोकरांना काढणं कायद्यानं आणि रिवाजानं फार कठीण. शिवाय निन्टेन्डोकडे रोकड भरपूर होती. मग नोकरकपात न करणं हा मोठेपणा किती आणि परिस्थिती किती? मी विरोधासाठी विरोध करत नाहीये. माझी स्वतःची नोकरी अशाच एका "पुनर्रचनेत" गेली आहे, म्हणून हा विषय मी हलक्यानं घेत नाही.

—

निरगुडी :

वाटसरू, तुमची नोकरी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. तुमचा एकेक आकडा बरोबर आहे आणि ते निर्णय त्यांचेच होते. थ्रीडीएसची किंमत चुकली, वी यू लोकांना समजावून सांगता आला नाही. यात मी त्यांची बाजू घेणार नाही.

पण चूक कोणाच्या खिशातून भरली जाते, हा माझ्या दृष्टीनं वेगळा प्रश्न आहे. २०११ मध्ये त्यांनी स्वतःचा पगार निम्मा केला, इतर संचालकांचा २० ते ३० टक्के कापला गेला. २०१४ मध्ये पुन्हा पाच महिन्यांसाठी स्वतःचा निम्मा. २०१३ च्या भागधारकांच्या सभेत नोकरकपातीचा विषय निघाला तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की थोड्या मुदतीचा नफा दाखवायला माणसं कमी केली तर उरलेल्यांचा धीर खचतो, आणि उद्या आपलं काय या भीतीत बसलेला माणूस जगाला आनंद देणारं काही बनवू शकेल असं वाटत नाही. हे निव्वळ दयेचं बोलणं नाही. ज्यानं स्वतः रात्र रात्र बसून कोड लिहिलाय, त्याला भीतीत कोड कसा लिहिला जातो हे माहीत असतं. बुडत्या हाल लॅबोरेटरीत त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणखी एक. थ्रीडीएसची किंमत उतरवली तेव्हा ज्यांनी आधीच पूर्ण किमतीला घेतला होता, त्यांची त्यांनी जाहीर माफी मागितली आणि भरपाई म्हणून २० जुने गेम मोफत दिले. दहा फॅमिकॉमच्या काळातले, दहा गेम बॉय ॲडव्हान्सचे. त्या पहिल्या दहांत बलून फाइट होता.

—

वाटसरू_क :

बलून फाइटचं माहीत नव्हतं.

मोबाईलच्या उशिराबद्दल माझं मत कायम आहे. बाकी तुमचा "चूक कोणाच्या खिशातून" हा मुद्दा मान्य. माझ्या बाबतीत ती माझ्या खिशातून भरली गेली, चूक मात्र माझी नव्हती.

—

कापूरकाचरी :

मी गेम खेळत नाही, कधी खेळलेही नाही. पण मनुष्यबळ विभागात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून त्या एकेकाला बोलावण्याच्या मुद्द्यावर अडकले.

हाल लॅबोरेटरीतल्या त्या भेटींबद्दल मी वाचलंय. वर्षातून दोनदा, प्रत्येकाशी. कोणाशी वीस मिनिटं तर कोणाशी तीन तास. आमच्याकडे वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म असतो, त्यात पाचपैकी गुण द्यायचे आणि खाली दोन ओळी. मी कितीतरी माणसांच्या त्या दोन ओळी वाचल्या आहेत आणि त्यावरून माणूस कळला असं एकदाही झालं नाही. तीन तास बोलायला लागतात याचा अर्थ पहिले दोन तास माणूस खरं बोलतच नाही. हे मी अनुभवानं सांगते.

निरगुडी, एक विचारायचं होतं. इतका मोठा अधिकारी झाल्यावर ते पुन्हा प्रत्यक्ष कामाला हात लावत असत का?

—

निरगुडी :

कापूरकाचरी ताई, तुमचा दोन तासांचा मुद्दा फार आवडला.

हो, एकदा तरी नक्की. २००१ मध्ये निन्टेन्डोचा गेमक्यूब हे नवं मशीन येणार होतं आणि हाल लॅबोरेटरी त्यासाठी स्मॅश ब्रदर्स मेली हा गेम बनवत होती. बग संपेनात, तारीख जवळ आली. इवाता तेव्हा निन्टेन्डोत नियोजन विभागाचे प्रमुख होते, त्यांचं ते काम नव्हतं. ते यामानाशीला जाऊन हालच्या ऑफिसात बसले आणि तीन आठवडे कोड तपासून बग काढत राहिले. गेम वेळेवर निघाला. प्रोग्रामर म्हणून आपलं ते शेवटचं काम, असं ते पुढे सांगत. त्याआधीच्या पहिल्या स्मॅश ब्रदर्सचा कच्चा नमुनाही मासाहिरो साकुराई यांच्या कल्पनेवरून त्यांनी स्वतःच कोड केला होता, तोही शनिवार-रविवारी, अध्यक्ष असताना.

अध्यक्ष झाल्यावर हात कोडवरून सुटला, पण विचारत राहण्याची सवय गेली नाही. वी आला तेव्हापासून निन्टेन्डोच्या साइटवर त्यांनी आपल्याच माणसांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. आपण ज्यांची नावंही ऐकली नसती असे अभियंते तिथे अध्यक्षांसमोर बसून आपण बटण कसं बनवलं ते सांगतात.

—

आंबेमोहोर :

ताई, तुम्ही गेम खेळत नाही म्हणालात म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी.

इवाता अध्यक्ष झाले तेव्हा निन्टेन्डो मागे पडली होती. गेमक्यूब जेमतेम २ कोटी १७ लाख विकला गेला, सोनीचा प्लेस्टेशन २ त्याच्या कितीतरी पट. सगळे म्हणत होते, आणखी ताकदवान मशीन काढा. इवातांचा प्रश्न वेगळा होता : जे खेळतच नाहीत ते का खेळत नाहीत? डीएसचे दोन पडदे ही यामाउचींची कल्पना, पण त्यावर काय चालवायचं हे इवातांनी शोधलं. तोहोकू विद्यापीठाचे डॉ. र्यूता कावाशिमा मेंदूच्या व्यायामावर काम करत होते. अमेरिकेत डीएस विक्रीला आला त्याच दिवशी इवाता सेंदाईला त्यांना भेटायला गेले होते. त्यातून २००५ मध्ये मेंदूच्या व्यायामाचा गेम आला आणि साठीच्या पुढचे लोक डीएस विकत घेऊ लागले. डीएस १५ कोटी ४० लाखांवर गेला.

वीच्या वेळी त्यांनी टीमला सांगितलं, मशीन दोन-तीन डीव्हीडीच्या डब्या एकावर एक ठेवल्या एवढंच हवं. आणि हातातल्या यंत्राला "रिमोट"च म्हणायचं यावर ते अडून बसले, कारण घरातला प्रत्येकजण टीव्हीचा रिमोट न घाबरता उचलतो.

माझ्या सासूबाईंनी न्यू जर्सीत माझ्या नणंदेकडे वीवर बोलिंग खेळलेलं मी पाहिलंय. नऊवारीतून. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या इतक्या मोकळेपणानं हसलेल्या मी तेव्हाच पाहिल्या.

—

कापूरकाचरी :

आंबेमोहोर, हे वाचून डोळे भरून आले. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

—

योदोगावा :

नमस्कार. मी सहा वर्षं ओसाकात आहे. क्योतो इथून ट्रेननं अर्ध्या तासावर.

निन्टेन्डोचं मुख्यालय क्योतोच्या दक्षिण भागात आहे. पांढरी, चौकोनी, अगदी साधी इमारत. समोरून गेलात तर एखादं सरकारी ऑफिस वाटेल. कंपनीची जुनी इमारत, पत्त्यांच्या काळातली, २०२२ पासून हॉटेल झाली आहे. आणि उजीला त्यांच्या जुन्या कारखान्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये संग्रहालय उघडलं, तिथे हानाफुदाचे पत्ते स्वतः बनवता येतात. मी मुलीला घेऊन गेलो होतो.

इथल्या सहकाऱ्यांशी इवातांबद्दल बोललं की ते नेहमी "इवातासान" म्हणतात, अध्यक्ष म्हणून कोणी उल्लेख करत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्कर अभियंता बसायचे. निन्टेन्डोशी त्यांचा काही संबंध नाही, ते पंप बनवण्यात आयुष्य घालवलेले. ते म्हणाले, जून २०१४ मध्ये पित्तनलिकेतली गाठ काढायची शस्त्रक्रिया झाल्याचं वाचलं होतं, मग शरदात ते पुन्हा कामावर दिसले तेव्हा आम्हाला वाटलं आता बरे झाले. मार्च २०१५ मध्ये मोबाईलच्या कराराच्या घोषणेला ते स्वतः उभे होते, चेहरा खूप उतरलेला. त्याच दिवशी त्यांनी नव्या मशीनचं फक्त सांकेतिक नाव सांगितलं, एनएक्स. जुलैत गेले. ते मशीन म्हणजे स्विच, मार्च २०१७ मध्ये आलं आणि १५ कोटींच्या पुढे विकलं गेलं. हे सांगताना ते पंपवाले काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले.

—

रानजाई :

योदोगावा, सांगितलंत ते फार बरं केलंत. स्विच त्यांनी पाहिलाच नाही हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी भाचा तोच खेळतो.

—

सुतारपक्षी :

रानजाई, भाच्याच्या स्विचवरून आठवलं.

निन्टेन्डो डायरेक्ट नावाचे व्हिडिओ इवातांनी २०११ मध्ये सुरू केले. पत्रकारांमार्फत न जाता ते स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहून लोकांना नवे गेम सांगत. त्यात "थेट तुमच्यापर्यंत" असं म्हणताना दोन्ही हात एकमेकांसमोर धरून छातीपासून पुढे न्यायचे, जणू एखादी वस्तू समोरच्याच्या हातात देतोय.

सप्टेंबर २०१७ मध्ये काही लोकांना स्विचच्या आत, मूळ प्रणालीतच, एक लपवलेला गेम सापडला. मशीनवर तारीख ११ जुलै, म्हणजे इवाता गेले तो दिवस, असेल आणि दोन्ही हातांत कंट्रोलर धरून कोणी हाच इशारा केला, तरच तो उघडायचा. निन्टेन्डोनं कधी त्याचा गाजावाजा केला नाही आणि नंतरच्या अपडेटमध्ये तो काढलाही गेला. गेम होता १९८४ चा गोल्फ. इवातांनी लिहिलेला, १८ च्या १८ होल असलेला.

—

निरगुडी :

सुतारपक्षी, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. मगाशी उभं राहून दोन्ही हात तसे पुढे करून पाहिले.